महानगराची छायाचित्रे आणि जुनी गाणी : एका जोडीची पार्श्वभूमी

२०२३ च्या सप्टेंबरात मुंबईच्या रस्त्यांवरून डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस निवृत्त झाली आणि ऑक्टोबरअखेरीस काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली. त्या दिवसांत बस, टॅक्सी, इराण्याची हॉटेले आणि पावसातला मरीन ड्राइव्ह यांच्या छायाचित्रांखाली साठ-सत्तरच्या दशकातील हिंदी गाणी वाजवणाऱ्या ध्वनिचित्रफिती गोव्यातही भरपूर फिरल्या. हा प्रकार मोबाइलबरोबर जन्माला आला असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात त्याचे वय बरेच जास्त आहे, आणि त्यात गोव्याचा वाटा प्रेक्षकापुरता मर्यादित नाही.

महानगराची दृश्ये वाद्यवृंदाच्या साथीने दाखवण्याची प्रथा मूकपटांच्या काळातली. १९२७ मध्ये बर्लिनच्या एका दिवसावर बेतलेल्या चित्रपटासाठी खास संगीतरचना करण्यात आली होती, आणि पुढच्या दोन वर्षांत सोव्हिएत रशियातही शहरालाच नायक मानणारा चित्रपट निघाला. ती मात्र हलती चित्रे होती. स्थिर छायाचित्रे आणि संगीत यांची खरी सोयरीक पारदर्शिकांनी, म्हणजे स्लाइड्सनी, जुळवली.

साठच्या दशकाच्या आरंभी गोल थाळीचा प्रोजेक्टर बाजारात आला. पन्नास मिलिमीटर चौकटीत बसवलेल्या ऐंशी पारदर्शिका त्या थाळीत मावत. त्याच दशकात कॅसेटही आली आणि थोड्याच काळात दोघांची सांगड घातली गेली. टेपच्या एका ट्रॅकवर संगीत असे. दुसरा ट्रॅक ध्वनिवर्धकाला जोडलेला नसे, त्यावर फक्त इशारे भरलेले असत, आणि प्रत्येक इशाऱ्याला यंत्र खट्कन पुढची पारदर्शिका लावी. दोन प्रोजेक्टर असले तर एक चित्र मावळताना दुसरे उजळे. या तंत्राने छायाचित्रकाराला एक निराळे बंधन घातले. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या हिशेबाने बांधलेले चित्रपटगीत साधारण सव्वातीन मिनिटांचे. प्रत्येक चित्राला पाच सेकंद दिले, तर एका गाण्यात चाळीसेक चित्रे बसतात. साहजिकच चित्रांचा क्रम गाण्याच्या बांधणीवर ठरू लागला : आरंभीच्या वाद्यसंगीतावर रिकामा रस्ता, मुखड्यावर गर्दी, अंतऱ्यांमधल्या तुकड्यावर चेहरे. आजच्या बऱ्याच चित्रफिती नकळत हाच साचा वापरतात. कोणते गाणे घ्यायचे हे एकदा ठरले की पाहणाऱ्याने छायाचित्र कोणत्या वर्षातले मानायचे, हेही जवळजवळ ठरून जाते. १९८० साली टिपलेली गल्ली १९५८ च्या गाण्याखाली बिनबोभाट १९५८ ची होते.

मुंबईच्या चित्रांखाली जे संगीत हमखास वाजते, त्याचा मोठा भाग गोमंतकीय हातांनी वाजवलेला आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेजो, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाई. स्वरलेखन वाचता येणारे हे तरुण पोटासाठी मुंबई गाठत, धोबीतलावाच्या परिसरात आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वसतिगृहात, पथारी टाकत, आणि हॉटेलांतील बँडमध्ये वाजवत. १९४९ नंतरच्या दारूबंदीने हॉटेलांतल्या रात्री ओसरू लागल्या, तेव्हा त्यांतील अनेकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाने आधार दिला. चाल संगीतकाराची असे; तिची वाद्यांत वाटणी करणे, ट्रम्पेट कुठे यावा आणि व्हायोलिनांनी कुठे उचलून धरावे हे लिहून काढणे, हे काम पुष्कळदा गोमंतकीय संयोजकाकडे असे. श्रेयनामावलीत तो झालाच तर ‘सहाय्यक’ म्हणून दिसे.

तेव्हा मुंबईचे स्मृतिरंजन गोव्यात इतके रुजावे, यात नवल नाही. इथल्या कित्येक घरांत मुंबई ही कुणा ना कुणा काकाची, आजोबांची, बोटीवरल्या मामाची जागा होती. तियात्र, म्हणजे कोकणी संगीतनाट्य, तेदेखील १८९२ मध्ये प्रथम मुंबईतच उभे राहिले. असे असले तरी ही आठवण एकजिनसी नव्हती. धोबीतलावावरच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या कानात जाझ आणि तियात्रातली कांतारे, म्हणजे गाणी, होती, तर तिथून हाकेच्या अंतरावर, गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या मराठीभाषक गोमंतकीयाच्या कानात नाट्यपदे आणि आकाशवाणीवरची भावगीते. हिंदुस्थानी गायकीत गोमंतकीय गायिकांनी मुंबईत जे स्थान मिळवले, तेही याच वस्त्यांच्या आधाराने. आजच्या चित्रफितींत मात्र पहिली आठवण ऐकू येते आणि दुसरी क्वचितच. गिरगावातल्या ठाकुरद्वाराच्या छायाचित्राखाली भावगीताऐवजी क्लबातला सॅक्सोफोन वाजतो, हे कानाला खटकते. पण प्रचलित साचा तोच आहे.

सर्वाधिक गुंता आहे तो हक्कांचा, आणि त्याच्या मुळाशी २०१२ साली घेतलेला एक निर्णय आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रकाशित छायाचित्राची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ५० वरून ६० वर्षे केली. ध्वनिमुद्रणाचीही मोजणी तशीच होती, त्यामुळे एकाच वर्षी प्रसिद्ध झालेले छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण एकाच दिवशी मुक्त होणार होते. २०१२ च्या दुरुस्तीत छायाचित्रांसाठीचे स्वतंत्र कलम वगळण्यात आले, आणि छायाचित्रालाही चित्र किंवा कादंबरीप्रमाणे निर्मात्याच्या हयातीनंतर ६० वर्षे संरक्षण मिळाले. उदाहरणार्थ, १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण २०२२ अखेर मुक्त झाले. त्याच वर्षी छापलेल्या रस्त्याच्या छायाचित्राचा कर्ता १९९५ मध्ये वारला असेल, तर ते छायाचित्र २०५५ अखेरपर्यंत बांधलेले राहील. शिवाय गाण्याचे शब्द आणि चाल यांची मुदत कवी आणि संगीतकार यांच्या निधनापासून वेगळी मोजायची. म्हणजे तीन मिनिटांच्या एका चित्रफितीवर तीन-चार घड्याळे चालतात आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

छायाचित्रकारांच्या बाजूने पाहिले, तर हा बदल रास्त होता. त्यांची कला इतर कलांहून हलकी का मानावी, हा प्रश्न जुनाच होता. त्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवींना आणि संगीतकारांना स्वामित्वधनाचा असा हक्क दिला, की जो करार करूनही सोडून देता येत नाही. तोही १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या, चित्रपट-निर्मात्यांच्या बाजूने गेलेल्या निकालानंतरचा दीर्घ तंटा मिटवणारा होता. परंतु या सगळ्या वाटणीत त्या काळच्या वादकाला स्थान नाही. कलाकारांच्या सादरीकरणाला कायद्याने हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने. पन्नास-साठच्या दशकांतील वादक त्या दिवसाचे मानधन घेऊन घरी गेले होते. ज्या ट्रम्पेटच्या चार सुरांनी चर्चगेटचे छायाचित्र हृदयाला भिडते, त्या सुरांवर वाजवणाऱ्याच्या वारसांचा कायद्याने कसलाही दावा नाही, आणि या प्रकाराच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी विसंगती आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गोव्यात या वादाला स्थानिक वळणही लागले. लग्नाच्या हॉलमध्ये वर-वधूंच्या आईवडिलांची जुनी छायाचित्रे, त्यांत मुंबईतली हमखास, पडद्यावर गाण्यांसह दाखवण्याची पद्धत इथे चांगलीच रूढ आहे. लग्नसमारंभातील संगीतासाठी परवान्याची गरज नाही आणि त्यासाठी पैसे मागितले जाऊ नयेत, असे सांगणारे परिपत्रक राज्य शासनाने २०२४ च्या जानेवारीत काढले. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द ठरवले. धार्मिक विधी आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कायद्यातच सवलत आहे, तिचा अर्थ परिपत्रकाने वाढवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यामुळे सवलत जिथल्या तिथे राहिली आणि तिची हद्द कुठे संपते, हा वादही.

जालावर हा निवाडा आता बहुतांशी यंत्र करते. २००७ पासून एका मोठ्या व्हिडिओ-संकेतस्थळाने गाणे आपोआप ओळखणारी यंत्रणा बसवली, आणि स्लाइड शो चढवणाऱ्यांना चित्रे शाबूत पण आवाज बंद, हा अनुभव येऊ लागला. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आल्यावर पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या; तिथे गाणी कंपन्यांशी करार करून आधीच ठेवलेली असतात, म्हणून हौशी माणसाची अडचण पुष्कळ कमी झाली. मात्र गाणे तुकड्यानेच घ्यावे लागते आणि तो तुकडा बहुधा मुखड्याचा निघतो. संयोजकाचे खरे कसब दिसते ते अंतऱ्यांमधले वाद्यसंगीत त्यात गळून पडते. व्यावसायिक खात्यांना तर लोकप्रिय गाण्यांचा हा संग्रह पूर्ण खुला नसतो, त्यामुळे छायाचित्रणावर पोट असलेली मंडळी मुंबईच्या रस्त्यांखाली परवानामुक्त गिटार लावून वेळ मारून नेतात.