कुटकी यकृताला वाचवते म्हणजे नेमकं काय करते?

हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवर वाढणाऱ्या कुटकीचं औषधी अंग म्हणजे तिची मुळं आणि जमिनीखालचं आडवं खोड. त्यांचा जहर कडूपणा मुख्यतः पिक्रोसाइड-१ आणि कुटकोसाइड या घटकांचा. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने या दोन्हींचा प्रमाणित अर्क बनवला, त्याचं नाव पिक्रोलिव्ह.

प्रयोगशाळेत उंदरांना पिक्रोलिव्ह देऊन कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलच्या जबर मात्रेने यकृत बिघडवलं, तर एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कमी वाढतं. निष्कर्ष खराच आहे, पण तो वाचताना एक गोष्ट जरूर तपासावी: औषध विषाच्या आधी दिलं की नंतर? ही दोन्ही विषं मुळात तेवढी घातक नसतात. यकृतातलंच सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्यांचं विध्वंसक रेणूंत रूपांतर करतं. पॅरासिटामॉलपासून झालेला असा रेणू ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक द्रव्याचा साठा संपवतो आणि मग पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो. आधी दिलेल्या वनस्पतीने ते एन्झाइमच मंदावलं, तर विष तयारच होत नाही. अहवालात मात्र ‘यकृत वाचलं’ असंच दिसतं! ग्लुटाथायोन टिकवणं हे खरं संरक्षण, आणि आधीच बिघडलेलं यकृत सुधारणं ही त्याहून अवघड गोष्ट. म्हणून नंतर औषध देऊन केलेल्या प्रयोगांना जास्त वजन द्यायला हवं.

माणसांवरचा पुरावा थोडा आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विषाणूजन्य काविळीच्या ३३ रुग्णांपैकी १५ जणांना ३७५ मिलिग्रॅम कुटकीचूर्ण दिवसातून तीनदा, दोन आठवडे दिलं. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) दर १०० मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरायला त्यांना सरासरी २७ दिवस लागले, तर बाकीच्यांना ७६. आशा वाटावी असा फरक, पण रुग्ण फारच कमी.

चूर्ण आणि अर्क यांची मात्रा एक धरू नये. चूर्ण साधारण १ ते ३ ग्रॅम घेतात. त्यापुढे जुलाब होतात, कारण कुटकी मुळात रेचक आहे. शिवाय बाजारात तिच्यात दुसरी मुळं मिसळलेली आढळतात, तेव्हा लेबलवर पिक्रोसाइडचं प्रमाण पाहावं. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीत निम्मा भाग कुटकीचा असला, तरी सोबत पारा आणि ताम्रभस्मही असतं. ती गोळी म्हणजे नुसती कुटकी नव्हे.

पॅरासिटामॉल जास्त घेतलं गेलं असेल, तर कुटकीच्या भरवशावर थांबू नये. त्यावरचा उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वाधिक उपयोगी पडतो.