हृदयशोथ

हृदयाच्या भिंतीतील एका किंवा अधिक थरांना येणाऱ्या दाहयुक्त सुजेला हृदयशोथ म्हणतात. डॉक्टरांच्या कागदांवर ती ‘कार्डायटिस’ या नावाने नोंदलेली असते. हे एका आजाराचे नाव नसून आजारांच्या गटाचे नाव आहे. आतील अस्तर व त्याच पडद्याने मढलेल्या झडपा सुजल्या तर एंडोकार्डायटिस, मधला स्नायू सुजला तर मायोकार्डायटिस, बाहेरचे दुपदरी आवरण सुजले तर पेरिकार्डायटिस आणि तिन्ही थर एकदम सापडले तर पॅनकार्डायटिस असे भेद केले जातात.

इंदूरच्या मराठी घरांत रिपोर्ट इंग्रजीत येतो, डॉक्टर हिंदीत समजावतात आणि घरच्या मंडळींपर्यंत ‘हृदयाला सूज आहे’ एवढेच पोहोचते. एक्स-रेमध्ये हृदयाची सावली मोठी दिसली किंवा संध्याकाळी पाय सुजू लागले, तरी हेच वाक्य वापरले जाते. वास्तविक जुन्या रक्तदाबानेही हृदय मोठे होते आणि त्यात दाह मुळीच नसतो. म्हणून सूज कोणत्या थराला आहे आणि कशामुळे आहे, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारलेच पाहिजेत.

पेरिकार्डायटिसमध्ये छातीत टोचल्यासारखे दुखते. आडवे झाले किंवा खोल श्वास घेतला की कळ वाढते आणि पुढे वाकून बसले की कमी होते. भारतात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. मायोकार्डायटिस बहुधा विषाणूंमुळे होतो. ईसीजी व ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) तपासणीवरून तो हृदयविकाराच्या झटक्यासारखाच भासतो, पण अँजिओग्राफीत रोहिण्या मोकळ्या आढळतात; अशा वेळी एमआरआयने निदानाला बळकटी येते आणि रुग्णाला काही महिने खेळ व जड कष्ट वर्ज्य करावे लागतात. जंतुजन्य एंडोकार्डायटिसमध्ये प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेणे अत्यावश्यक असते.

आपल्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा प्रकार मात्र ऱ्हुमॅटिक कार्डायटिस हा आहे, कारण तो बहुतांशी टाळता येतो. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे धरतो, तो बराही होतो. पण दोन-तीन आठवड्यांनी त्या जंतूंविरुद्ध सज्ज झालेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते. ताप येतो, आज गुडघा तर परवा घोटा असे सांधे दुखत फिरतात (हाच ऱ्हुमॅटिक ताप), आणि सांधे पूर्ण बरे झाल्यावरही झडपेची, विशेषतः मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेची, इजा मागे राहू शकते. पुढे ही झडप अरुंद झाल्याचे कित्येक स्त्रियांना पहिल्या गरोदरपणात दम लागू लागल्यावरच कळते. ऱ्हुमॅटिक तापाच्या निदानाचे निकष अमेरिकी डॉक्टर टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये मांडले. २०१५ च्या सुधारणेत स्टेथोस्कोपला ऐकू न येणारा, केवळ इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसणारा झडपेचा दोषही त्यांत धरला गेला.

मिठाच्या गुळण्या आणि हळद-दूध यांनी घशाला आराम पडतो, जंतू मरत नाहीत. असा जंतुसंसर्ग असताना घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप बहुधा टळतो. एकदा हृदयशोथ होऊन गेल्यावर मात्र दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते: झडपेत दोष उरला नसेल तर किमान १० वर्षे किंवा वयाच्या २१ वर्षांपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तोवर, आणि दोष उरला असेल तर बहुधा चाळिशीपर्यंत. हे इंजेक्शन फार दुखते, मूल वरकरणी ठणठणीत दिसत असते, आणि परीक्षा किंवा बदलीचे निमित्त होऊन क्रम तुटतो. पण त्या खंडात पुन्हा घसा धरला तर आधीच दुखावलेल्या झडपेला आणखी इजा पोहोचते. म्हणून गाव बदलताना इंजेक्शनच्या तारखांचे कार्ड व इकोचा जुना रिपोर्ट सोबत ठेवावा. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टर पर्यायी औषध म्हणून एरिथ्रोमायसिन देतात.