मराठीत छापलं म्हणून अश्लील

१९३४ साली मुंबईच्या कोर्टात एका मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. 'समाजस्वास्थ्य' हे ते मासिक. त्याच्या मुखपृष्ठावर बरेचदा नग्न स्त्रीचं चित्र असायचं, पण खटला चित्रावरून नव्हता. वाचकांनी पत्रं पाठवून शंका विचारल्या होत्या आणि संपादकांनी त्यांना उत्तरं दिली होती, एवढाच गुन्हा. शंका हस्तमैथुनाबद्दल होत्या, समलिंगी संबंधांबद्दल होत्या. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील बाबासाहेब आंबेडकर.

असले विकृत प्रश्न छापायची गरजच काय, असा कोर्टाचा सूर होता. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा, की विकृती म्हणायचीच असेल तर ती जाणार कशाने? ज्ञानानेच ना? लैंगिक विषयावरच्या मासिकाला वाचक लैंगिक शंका विचारणार, आणि त्यांची उत्तरं द्यायची नसतील तर मासिक चालवायचं तरी कशाला? युक्तिवाद बिनतोड होता, तरी कर्वे हरले. दोनशे रुपये दंड झाला. त्याआधी १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी शंभर रुपये भरून झालेच होते.

कर्वे गणिताचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. या प्रचारापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजमधली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे मासिक जवळजवळ एकहाती चालवलं. त्यांच्याविषयी लिहिताना 'काळाच्या पुढे असलेला माणूस' असं म्हणायची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. कर्वे जे लिहीत होते त्यातलं पुष्कळसं युरोपात हॅवलॉक एलिससारख्या लैंगिकतेच्या अभ्यासकांच्या ग्रंथांत येऊन गेलं होतं आणि मुंबईच्या वाचनालयांत बसून इंग्रजी जाणणारी मंडळी ते वाचू शकत होती. कर्व्यांनी वेगळं केलं ते इतकंच, की ते मराठीत छापलं, मासिकाच्या वर्गणीत, कुणालाही मिळेल असं.

आणि कायद्याचा डोळा नेमका तिथेच होता. अश्लील कशाला म्हणायचं याची जी कसोटी तेव्हा आपल्या कोर्टांत चालायची ती १८६८ मधल्या 'हिकलिन' नावाच्या इंग्लिश खटल्यातून आलेली. मजा अशी, की तो खटला कामुक साहित्याचा नव्हताच. कॅथलिक धर्मगुरू पापनिवेदनाच्या वेळी बायकांना काय काय विचारतात हे उघड करणारी एक प्रॉटेस्टंट प्रचारपुस्तिका होती. न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी ठरवलं, की ज्यांची मनं अशा अनैतिक प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती हा मजकूर पडू शकतो, त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल असेल तर तो अश्लील. म्हणजे मजकुरात काय आहे यापेक्षा तो कुणाच्या हाती पडेल हे महत्त्वाचं. डॉक्टरच्या टेबलावर असलेलं पुस्तक ठीक. तेच त्याच्या कंपाउंडरच्या हातात गेलं की गुन्हा.

लैंगिकतेकडे बघण्याची समाजाची दृष्टी कशी बदलली याचा इतिहास आपण बहुधा 'बंधनं आणि मोकळेपणा' असा सांगतो. मला तो वाचकांचा इतिहास जास्त वाटतो. १८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग या जर्मन-ऑस्ट्रियन डॉक्टरने लैंगिक विकृतींवर मोठा ग्रंथ लिहिला. तो जर्मनमध्ये होता, पण नेमके नाजूक तपशील आले की मजकूर लॅटिनमध्ये जायचा, सामान्य वाचकाला कळू नये म्हणून! त्याच्या तीन वर्षं आधी 'कामसूत्रा'चं इंग्रजी भाषांतर निघालं. त्यामागे मुंबई इलाख्यातले अधिकारी आर्बथनॉट होते, रिचर्ड बर्टन होते आणि मूळ संस्कृतशी झटापट करणारे मुंबईचे पंडित भगवानलाल इंद्रजी होते. पुस्तकावर छापलं होतं 'केवळ खासगी वितरणासाठी'. आणि कर्व्यांना दंड झाला त्याच १९३४ साली, त्याच मुंबईत, डॉ. ए. पी. पिल्ले यांचं 'मॅरेज हायजीन' हे नियतकालिक सुरू झालं. विषय बरेचसे तेच, भाषा इंग्रजी, वाचक डॉक्टर आणि विद्वान.

'आपल्याकडे पूर्वी सगळं मोकळं होतं, इंग्रजांनी बिघडवलं' हे वाक्य या विषयावरच्या गप्पांत कुणीतरी टाकतंच. अर्धं खरं आहे. 'गाथासप्तशती' माहाराष्ट्री प्राकृतातली आहे आणि तिच्यातल्या बायका आपली इच्छा लपवत नाहीत. पेशवाईतल्या लावण्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण लावणीत शृंगार होता, शरीरशास्त्र नव्हतं. मराठीत सूचक बोलणं चालत होतं, पुढेही चाललं. दिवस का जातात, न जाण्यासाठी काय करायचं, गुप्तरोग कसा लागतो, हे साध्या वाक्यांत सांगितलं की मात्र कपाळाला आठ्या.

माहितीच्या या दुष्काळात काय पिकतं याचं उदाहरण म्हणून हस्तमैथुनाचीच शंका घेऊ. भीती जुनी आहे आणि फक्त आपली नाही. १७६० मध्ये तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने लिहिलं, की एक औंस वीर्य गेलं तर चाळीस औंस रक्त जाण्यापेक्षा जास्त अशक्तपणा येतो. आपल्याकडे सप्तधातूंची मांडणी होती. अन्नापासून रस, रसापासून रक्त, मग मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांचं सार म्हणून, शुक्र. दोन्ही कल्पना एकमेकींना छान पूरक ठरल्या. युरोपात तिसोचा धाक विसाव्या शतकात ओसरला; आपल्याकडे एका थेंबाला चाळीस थेंब रक्त हा हिशेब अजून तोंडातोंडी चालतो.

शरीराचा हिशेब वेगळा आहे. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण दोन ते पाच मिलिलिटर असतं, म्हणजे जास्तीत जास्त चहाचा एक चमचा. त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. बाकीचा द्रव बहुतेक शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो: पाणी, फ्रुक्टोज नावाची साखर, थोडी प्रथिनं, थोडे क्षार. वृषणांत शुक्रजंतू रोज कोट्यवधींच्या संख्येने तयार होत राहतात. एकेक जंतू पूर्ण घडायला दोन-अडीच महिने लागतात, पण उत्पादन अखंड चालू असतं. साठा संपत नाही. वापरले गेले नाहीत तर शरीर त्यांची आपली आपण विल्हेवाट लावतं. रक्त आटवून वीर्य बनतं असं कुठेही होत नाही.

तरीही अशक्तपणा खरा असतो. 'धातू जातो' म्हणून दवाखान्यात येणाऱ्या तरुणाला खरोखर थकवा असतो, झोप नसते, कंबर दुखते, कशात मन लागत नाही. १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या तक्रारींच्या जुडग्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. यातल्या अनेकांच्या मुळाशी चिंता किंवा नैराश्य असतं आणि वीर्य जातंय या समजुतीने ते वाढत जातं. म्हणजे माणूस वीर्यापायी खंगत नाही, वीर्याबद्दल ऐकलेल्या गोष्टीपायी खंगतो. लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शीघ्रपतन, खात्रीशीर इलाज' रंगवणाऱ्यांचा धंदा या गोष्टीवर चालतो. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हे सांगण्याबद्दल कर्व्यांना दंड झाला. उलट सांगणाऱ्यांच्या भिंती दर दिवाळीला नव्याने रंगतात.

दुसरी शंका समलिंगी संबंधांची. इथे विज्ञानाला स्वतःचीच चूक निस्तरावी लागली. ती कशी होती हे बघण्यासारखं आहे. शतकभर डॉक्टर सांगत होते, की समलिंगी माणसं मनोरुग्ण असतात. पुरावा? आमच्याकडे आलेली अशी सगळी माणसं मनोरुग्ण होती. अहो, पण तुमच्याकडे येतातच मुळी आजारी माणसं! किंवा पोलिसांनी धरून आणलेली. बाहेर सुखाने नोकरी करणारे तुम्हाला दिसणार कुठून? १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी हा साधा मुद्दा तपासला. उपचार घेत नसलेले तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुष घेतले, त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि निकालांवरची ओळख काढून टाकून ते तीन नावाजलेल्या तज्ज्ञांपुढे ठेवले. कुठला निकाल कुणाचा, हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. संशोधन १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. कर्व्यांच्या त्या दोनशे रुपयांनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी.

संततिनियमनाची गोष्ट याच्या अगदी उलटी घडली, आणि तीही मला तितकीशी सुखावह वाटत नाही. सुरुवातीला विरोध कडवा होता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या संततिनियमन-प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनांना ठाम नकार दिला, संयम हाच मार्ग म्हणाले. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. आणि १९५२ मध्ये, जगात पहिल्यांदा, भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढे १९६८ पासून 'निरोध' हा सरकारी कंडोम पानाच्या टपरीवर आला, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण एसटी स्टँडच्या भिंतीवर आला, आणि कुणालाही ते अश्लील वाटलं नाही.

चौदा वर्षांत एवढं काय बदललं? साधनं तीच होती, लोकही तेच. बदललं ते कारण. कर्वे म्हणत होते, की बाईला मूल नको असेल तर तिला ते टाळता यावं आणि भीतीवाचून सुख घेता यावं. सरकार म्हणालं, लोकसंख्या वाढतेय. सुखाचा भाग गाळला आणि उरलेला भाग राष्ट्रकार्य झाला. 'सुप्रजा', म्हणजे निवडक माणसांनीच मुलं जन्माला घालून वंश सुधारायचा, हा तेव्हाचा लोकप्रिय युक्तिवादही असाच. १९२७ मध्ये ना. सी. फडक्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं ते संततिनियमनाला सुप्रजननाशी जोडूनच. व्यक्तीची इच्छा बाजूला ठेवून शरीराचा विचार केला की तो विचार कुठवर जातो, ते १९७६ मध्ये दिसलं. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. ऐच्छिक साधनांचा साधा ठराव मुंबईच्या ज्या विधिमंडळात अडतीस वर्षांपूर्वी पडला होता, त्याचंच हे वारस सभागृह.

कोर्टांचा प्रवास मात्र हळूहळू का होईना, वाचकावर विश्वास टाकण्याकडे झाला. १९६४ मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनची कसोटी उचलून धरली. १९६९ मध्ये चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या मराठी कथेला त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवलं आणि अश्लीलतेचे मापदंड समाजागणिक बदलतात असं म्हटलं. हिकलिन रीतसर निवृत्त झाली ती २०१४ मध्ये. इंग्लंडने तिला १९५९ मध्येच रजा दिली होती.

शाळेत मात्र तिचा मुक्काम आहे. किशोरवयीनांसाठीच्या शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी थांबवला. आपल्या संस्कृतीत बसत नाही, हे कारण. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननसंस्थेचा भाग आहे, आकृत्या आहेत, टेस्ट ट्यूब बेबीसुद्धा आहे. 'हे घरी वाचून या' म्हणून पान उलटणारे शिक्षकही आहेत. महागड्या इंग्रजी शाळांत समुपदेशक बोलावून तासाभराचं सत्र होतं. बाकीची मुलं फोनकडे वळतात. इंग्रजीत प्रश्न टाकला तर एखाद्या मोठ्या रुग्णालयाचं व्यवस्थित पान सापडतं. तोच प्रश्न मराठीत टाकून बघा: त्याच रुळांकडेच्या भिंतीवरचे हकीम भेटतील, आता व्हिडिओ करतात, आणि खाली चूर्णाचा व्हॉट्सॲप नंबर देतात.