बदली कामगार

कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरता, त्याच्या जागेवर कामाला घेतला जाणारा कामगार. अशी माणसे अनेक उद्योगांत असतात. मात्र या पद्धतीला सर्वांत पक्के रूप आले ते मुंबईच्या कापड गिरण्यांत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग गिरणगाव झाला. तिथल्या मस्टरवर दोन तऱ्हांची माणसे असत, ‘कायम’ आणि ‘बदली’. बदलीवाला हा गिरणीचा नैमित्तिक पाहुणा नव्हता. त्याच्याशिवाय एकही पाळी पुरी भरत नसे, आणि तरीही कोणत्या दिवशी आपल्याला काम मिळेल हे त्याला आदल्या रात्री ठाऊक नसे.

या पद्धतीचे मूळ कामगारांच्या सुटीत होते. मुंबईचा गिरणी कामगार प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला. बायकामुले आणि शेतीचा तुकडा गावी, पगार मुंबईत. पेरणी, कापणी, शिमगा, गणपती, मे महिन्यातली लग्ने यांसाठी तो गावाकडे जाई आणि साच्यांवर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रांवर, ‘खाडे’ पडत. व्यवस्थापनाच्या अहवालांत याला बेशिस्त म्हटले जाई. पण घराचा निम्मा खर्च गावची शेती उचलत होती म्हणूनच मुंबईतली मजुरी इतकी कमी ठेवता येत होती, आणि ती सोय मालकांना हवीच होती. कापडाला उठाव असला की जास्त हात लागत, मंदी आली की तेच हात नकोसे होत. कायम माणसाला घरी बसवणे अवघड, बदलीवाल्याला मात्र काढावेही लागत नसे. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावले नाही की झाले. बाजाराच्या चढउताराची पहिली झळ अशी गिरणीच्या दरवाजाबाहेरच जिरवली जाई.

भोंगा व्हायच्या आधी बदलीवाले गेटवर जमत. कोणत्या खात्यात किती खाडे आहेत हे पाहून जॉबर माणसे निवडे. जॉबर हा खात्यातला मुकादम, पण त्याचा अंमल खात्याबाहेरही चाले. नोकरीला लावणे, चांगला साचा किंवा माग देणे, उसने पैसे देणे किंवा मिळवून देणे, चाळीत खोली बघून देणे ही सगळी सूत्रे त्याच्या हाती असत. त्याबद्दल तो ‘दस्तुरी’, म्हणजे आपला हिस्सा, घेई. ज्याची दस्तुरी पोचली नाही त्याला गेटवरून परत जावे लागे. बायकांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली. तरी हेही खरे, की शहरात नव्याने उतरलेल्या माणसाला तोच जॉबर बहुधा गावचा, भावकीतला किंवा निदान ओळखीचा असे, आणि त्याच्याखेरीज दुसरा आधारही नसे. पिळवणूक आणि आसरा एकाच माणसाच्या हातात असल्यामुळे ही व्यवस्था नुसत्या टीकेने हलली नाही.

बदलीची संधी सर्वांना सारखी नव्हती. मागखात्यात मजुरी चांगली, पण तिथे धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या कल्पनेने सवर्ण विणकर दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत, त्यामुळे दलित कामगार कमी मजुरीच्या सूतखात्यांत अडकून राहिले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. बायकांच्या बाबतीत वेगळेच घडले. रातपाळीवरची बंदी, बाळंतपणाच्या लाभाचा १९२९ चा मुंबई इलाख्याचा कायदा आणि नवी यंत्रे यांमुळे त्यांना कामावर ठेवणे मालकांना महाग वाटू लागले, आणि त्यांची खाती आकसत गेली.

जॉबरचा हात आखडावा म्हणून गिरणी मालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची योजना आणली. ठराविक लोकांना महिन्याच्या आरंभी बदली कार्ड द्यायचे, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, अशी ही योजना. तिने जॉबर नाहीसा झाला नाही, पण बदलीवाल्याच्या हाती प्रथमच एक कागद आला. पुढे कायम होण्याची रांगही या कार्डाभोवतीच लागली. त्या रांगेत माणसे वर्षानुवर्षे उभी असत. बापाच्या नोकरीवर मुलगा चिकटला तरी सुरुवात बहुधा बदलीपासूनच होई.

कायद्यानेही बदलीवाल्याला आपल्या चौकटीत घेतले, मात्र अर्धवट. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ चा. त्यात १९५३ साली तात्पुरत्या कामबंदीच्या भरपाईची तरतूद आली आणि तिथेच बदली कामगाराची व्याख्या दिली गेली. मस्टरवर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा तो बदली, आणि त्याला ही भरपाई नाही. वर्षभर सलग सेवा झाली की मात्र या तरतुदीपुरता तो बदली राहत नाही. सलग सेवेचा हिशेब वर्षातल्या २४० दिवसांवर येऊन थांबतो, म्हणून ‘दोनशे चाळीस भरले का’ हा प्रश्न कामगार वस्त्यांत वकिलांइतकाच साध्या माणसांनाही पाठ झाला. दिवस भरत आले की बोलावणे थांबवायचे, ही युक्तीही त्याच आकड्यातून निघाली.

पगार असा तुटक, पण पोट रोजचे. बदलीवाले ‘गावकरी खोली’त राहत. एका गावचे बरेच पुरुष मिळून एक खोली घेत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. जेवण खाणावळीत. खाणावळवाली बाई स्वतःच्याच घरात चूल सांभाळून वीसपंचवीस माणसांना जेवू घाली आणि पैसे पगार झाल्यावर घेई. बदलीवाल्याचे खाडे झाले की त्याचे बिल थकायचे, आणि वाण्याची उधारी खाणावळवालीच्या डोक्यावर चढायची. गिरणीने कामगारावर ढकललेला धोका अखेरीस कोणाच्या चुलीपर्यंत पोचत होता, ते इथे दिसते. गिरणीच्या ताळेबंदात याची नोंद असण्याचे कारणच नव्हते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ आणि घरभाड्याच्या भत्त्याबरोबर बदली कामगारांना कायम करा, ही त्यातली एक ठळक मागणी होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि तो संघ आपला नाही, ही तक्रार बहुसंख्य कामगारांची होती. बदलीवाल्यांची तर अधिकच, कारण करारांचा लाभ आधी कायम माणसाला मिळे. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या हळूहळू कमी माणसांवर चालू झाल्या, काही कायमच्या थंडावल्या. १९८३ मध्ये मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने ताब्यात घेतले. गावी शेत असलेले कामगार त्या काळात गावाकडे जाऊन तगले. ज्यांच्याकडे शेतही नव्हते आणि कायमपणाचा कागदही नव्हता, ते फेरीवाले, हमाल, पहारेकरी झाले. संपाने गिरण्या बुडाल्या असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे, ती पुरेशी नाही. यंत्रे जुनी राहिली होती आणि कापडाचे उत्पादन त्याआधीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकू लागले होते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये बदली ही वर्गवारीच जवळजवळ विरून गेली. बदली असण्यासाठी आधी कोणीतरी कायम असावा लागतो. इथे बारा तासांची पाळी, विणलेल्या मालावर मजुरी, आणि एका शेडमध्ये थोडेच माग, म्हणजे कारखान्याच्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्याची सोय. कांडीवाला (कांड्यांवर सूत भरणारा), वहिफणी (ताण्याचे धागे ओवणारा), मागवाला यांपैकी फार थोड्यांच्या हाती हजेरीचा पुरावा असे.

गिरण्यांच्या जमिनीचा किस्सा तितकाच परिणामकारक ठरला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरवले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि बांधकामाखालची जमीन मालकांकडे गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य ठरवला. लोअर परळला मॉल आणि कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. त्यांत सफाई, पहारा, लिफ्ट सांभाळणे ही कामे करणारे बहुतेक ठेकेदाराचे लोक आहेत. कामाची अनिश्चितता त्यांनाही आहे, पण बदलीवाल्याला निदान पुढे कायम होण्याची पायरी दिसत असे आणि ज्या गिरणीच्या गेटवर तो उभा राही तीच त्याची मालक होती. कंत्राटी माणसाचे तसे नाही. ज्या इमारतीत तो काम करतो तिच्या मस्टरवर त्याचे नावच नसते.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा त्यासाठी लागतो. हजेरीपट, फंडाची पावती, राज्य विमा योजनेचे कार्ड, जे सापडेल ते जोडून कामगार आणि त्यांचे वारस अर्ज करतात. बदलीवाल्यांच्या वारसांकडे त्यांतले कमीच कागद असतात, कारण त्यांची नोकरीच दिवसादिवसांनी मोडलेली होती.