बॉस्टन गार्डन

अमेरिकेतील बॉस्टन शहरातले जुने बंदिस्त क्रीडागृह आणि 'बॉस्टन सेल्टिक्स' या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे १९९५ पर्यंतचे घरचे मैदान. सेल्टिक्सने आपली पहिली सोळा अजिंक्यपदे (१९५७–८६) इथे खेळत असतानाच मिळवली.

मुळात ही वास्तू बास्केटबॉलसाठी नव्हतीच. न्यूयॉर्कचे मुष्टियुद्ध-आयोजक टेक्स रिकर्ड यांनी ती नॉर्थ स्टेशन या रेल्वेस्थानकाच्या वर उभारली आणि १७ नोव्हेंबर १९२८ रोजी मुष्टियुद्धानेच तिचे उद्घाटन झाले. रिंगण जवळून दिसावे म्हणून सज्जे उभ्या चढणीचे आणि पुढे झुकलेले बांधले होते. त्यामुळे गर्दीचा आवाज थेट खेळाडूंच्या अंगावर येई. पाहुण्या संघांना तो नकोसा होई. १९४६ मध्ये सेल्टिक्स संघ स्थापन झाला, तोवर आइस हॉकीचा 'ब्रुइन्स' संघ इथे चांगला रुळला होता.

गार्डनची खरी ओळख म्हणजे तिथली लाकडी जमीन. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची टंचाई होती, म्हणून ओकचे उरलेसुरले आखूड तुकडे आडवे-उभे जोडून चौकोनी फळ्या केल्या आणि त्या एकमेकींना बोल्टने जखडल्या. ही जमीन आधी शहरातल्याच बॉस्टन अरीनामध्ये होती. १९५२ मध्ये ती गार्डनमध्ये आली. हॉकीचा सामना असला की फळ्या उचलायच्या, बास्केटबॉलसाठी पुन्हा बर्फावर मांडायच्या. तिच्यात चेंडू नीट न उसळणाऱ्या जागा आहेत आणि त्या सेल्टिक्सलाच ठाऊक आहेत, असा प्रतिस्पर्ध्यांचा समज होता. पण सेल्टिक्सचे खेळाडू बिल रसेल यांनी तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे जिंकली, त्याचे श्रेय जमिनीला देणे अन्यायाचे ठरेल.

इमारतीत वातानुकूलन नव्हते. जून १९८४ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात आतले तापमान सुमारे ३६ अंश सेल्सियसवर गेले. लेकर्सचे सदतिशीतले खेळाडू करीम अब्दुल-जब्बार यांना बाकावर बसून प्राणवायू घ्यावा लागला. लॅरी बर्ड यांनी मात्र त्याच उकाड्यात ३४ गुण केले आणि सेल्टिक्सने सामना जिंकला. मे १९८८ मध्ये हॉकीच्या अंतिम मालिकेतला एक सामना वीज गेल्याने अर्धवट सोडावा लागला, तेव्हा नव्या वास्तूची निकड कुणालाच नाकारता येईना.

सेल्टिक्सचा इथला शेवटचा सामना मे १९९५ मध्ये ऑर्लँडो मॅजिकविरुद्ध झाला. त्यात ते हरले. त्याच वर्षी अगदी खेटून बांधलेले फ्लीटसेंटर (आताचे टीडी गार्डन) सुरू झाले आणि १९९८ मध्ये जुनी इमारत पाडली गेली. लाकडी जमीन नव्या वास्तूत नेऊन १९९९ पर्यंत वापरली.