चोकचा जुना शिक्का आणि आजचं काडतूस

मराठवाड्यात परवान्यावरची बाराबोअर बहुधा वारसाने आलेली असते. आजोबांची इंग्रजी नाहीतर बेल्जियन डबलबार, कुठे मुंगेरची सिंगलबार. निजामाच्या राजवटीत घेतलेली बंदूकही पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या परवान्यावर आली आणि नावं बदलत पुढच्या पिढीकडे गेली. बंदुकीबरोबर तिची ओळखही वारसाने येते : ‘उजवी नळी हाफ, डावी फुल’. बंदूक घडली त्या काळच्या काडतुसासाठी हे खरं होतं. आजच्या काडतुसाला ते जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांत दिलेला आवळ. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एकेका गोळीचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे १८.५ मिमी भरतो. बाराबोअर हे नाव तिथून आलं. नळीचा आतला व्यास आणि तोंडाचा व्यास यांतला फरक म्हणजे चोक, आणि तो इंचाच्या हजारांशात मोजतात. क्वार्टर १०, हाफ २०, थ्री-क्वार्टर ३०, फुल ४०. आवळ अजिबात नसेल तर ती नळी सिलिंडर.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डब्ल्यू. आर. पेपने १८६६ मध्ये आणि अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपरने १८६८ मध्ये चोकसाठी पेटंट घेतलं. इलिनॉयचा फ्रेड किंबल हाही त्याच सुमाराचा दावेदार. पहिला कोण, हा वाद मिटलेला नाही. पण बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने १८७४ मध्ये हे काम भरवशाच्या पद्धतीने बाजारात आणलं आणि १८७५ मध्ये लंडनला ‘द फील्ड’ या नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत चोकच्या नळ्यांनी सिलिंडरला मागे टाकलं. आजही वापरात असलेलं माप त्याच काळातलं आहे : ४० यार्डांवर, म्हणजे ३६.५ मीटरवर, ३० इंचांच्या वर्तुळात काडतुसातले किती टक्के छर्रे बसतात. सिलिंडर ४०, क्वार्टर ५५, हाफ ६०, थ्री-क्वार्टर ६५, फुल ७०.

हे आकडे ठरले तेव्हा छर्रे मऊ शिशाचे होते आणि त्यांच्यामागे नमद्याचं बूच असे. नळीतून जाताना बाहेरच्या थरातले छर्रे पोलादावर घासून चपटे होत. चपटा छर्रा सरळ जात नाही, घोळक्यातून बाहेर फुटतो. १९६० च्या दशकात प्लॅस्टिकचा कप आला. छर्रे कपात बसले, नळीला घासायचे थांबले. शिशात अँटिमनी हा धातू घालून छर्रे कडक केले की ते आणखी कमी चेपतात. त्यामुळे हाफ म्हणून घडवलेली नळी कपाच्या काडतुसाने थ्री-क्वार्टरची, कधी फुलची टक्केवारी देते. वीस-पंचवीस मीटरवर घोळका फारच आवळलेला राहतो, आणि चुकलं की बंदुकीला दोष दिला जातो.

शिक्क्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. १८७५ पासून इंग्लंडच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे नळ्यांची ताकद तपासून शिक्का देणाऱ्या संस्थेत, चोकच्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का मारत. अखंड गोळी आवळात अडकू नये म्हणून ती ताकीद होती. १८८७ पासून त्याजागी नुसता ‘चोक’ आला. दोन्ही शिक्के चोक आहे एवढंच सांगतात, किती ते नाही. समजा, नळीच्या बुडाशी १३ चा आकडा आहे. म्हणजे प्रूफच्या वेळी आतला व्यास ०.७१० इंचाच्या आसपास होता. तोंड ०.७०० भरलं, तर चोक १० हजारांश, म्हणजे क्वार्टर. पण बाराबोअर म्हणून ०.७२९ मधून वजाबाकी केली तर २९ येतात आणि तीच नळी थ्री-क्वार्टर ठरते. तोंडात नाणं घालून चोक सांगणारे हीच चूक करतात. बोअर-गेजने आतला व्यास आणि तोंड दोन्ही मोजायला हवेत.

आता छर्ऱ्याचा नंबर. भारतात ब्रिटिश क्रमवारी चालते : ६ नंबर २.६ मिमी, औंसाला सुमारे २७०. ४ नंबर ३.१ मिमी, औंसाला १७०, त्याहून जाड बीबी ४.१ मिमी, औंसाला ७०. अमेरिकन ६ नंबर जवळपास २.८ मिमीचा असतो, म्हणून आयात काडतुसावर नंबर न पाहता मिलिमीटर पाहावेत. बारीक छर्रे संख्येने जास्त, पण लवकर मंदावतात. ते जवळच्या अंतराला आणि उघड्या, म्हणजे कमी आवळाच्या, चोकला ठीक. स्कीट या नेमबाजीच्या खेळात हवेत उडवलेली तबकडी वीसेक मीटरवर फुटते, म्हणून ९ नंबर (२.० मिमी) आणि ० ते ५ हजारांश चोक. २४ ग्रॅममध्ये असे पाचशेवर छर्रे बसतात. ट्रॅप या दुसऱ्या खेळातली तबकडी पस्तीस मीटरच्या आसपास गाठावी लागते. तिथे २.४ मिमीचे सुमारे तीनशे छर्रे आणि थ्री-क्वार्टर किंवा फुल.

जाड छर्ऱ्याला मात्र फुल चोक उलटतो. एसजी आणि एलजी हे जाड छर्ऱ्यांचे प्रकार. एसजीचा छर्रा ८.४ मिमीचा. असे तीन एका थरात बसायला १८.१ मिमी जागा लागते. १८.५ च्या नळीत ते कपाशिवाय जेमतेम बसतात, पण फुल चोकचं तोंड १७.५ चं. थर तिथे मोडतो, छर्रे एकमेकांवर चेपतात आणि घोळका विस्कटतो. एलजीचा छर्रा ९.१ मिमीचा. त्याचे तीन तर नळीतच एका थरात मावत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे. पिकात शिरणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळालेली असेल आणि जाड छर्रा वापरायचा असेल, तर सिलिंडर किंवा क्वार्टरची नळी निवडावी. पोलादी छर्रे जुन्या नळीत घालूच नयेत. ते शिशासारखे दबत नाहीत, आवळाजवळ नळी फुगते.

आपली नळी खरोखर काय देते ते कागदावरच कळतं. अधिकृत रेंजवर १२० सेंटिमीटरचा चौकोनी कागद लावा, ३६.५ मीटरवरून एकाच काडतुसाचे पाच बार वेगवेगळ्या कागदांवर टाका. वर्तुळ आधी आखू नका. बार झाल्यावर छर्रे जिथे दाट पडलेत तिथे ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून भोकं मोजा. ३२ ग्रॅम ६ नंबरमध्ये सुमारे ३०५ छर्रे. वर्तुळात १८० च्या आसपास भोकं आली तर हाफ, २१० च्या पुढे गेली तर शिक्का काहीही असो, त्या काडतुसाला ती नळी फुल आहे. पाचांची सरासरी घ्या, एका कागदावरून ठरवू नका.

त्याआधी चेंबरची, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेची, लांबी तपासून घ्या. जुन्या डबलबारीचं चेंबर बरेचदा ६५ मिमीचं असतं. ७० मिमीचं काडतूस त्यात सहज जातं, कारण ७० ही सुटल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची लांबी. उलगडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. आवळाजवळ शिसं आणि प्लॅस्टिकचा थर साचतो, तो फॉस्फर ब्रॉन्झच्या ब्रशने काढा. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की रिकामी आहे ना याची खात्री करून नळ्या उतरवा आणि उजेडाकडे धरून पाहा. तोंडाजवळ पोचा किंवा गंज असेल तर तो बंदूकसाजाकडून काढून घेतल्याशिवाय बार टाकू नका. खराब तोंड कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तोंडाबरोबर सगळा चोक जातो, आणि परवानगीशिवाय नळी आखूड करणं शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हा आहे.