विंच बंपर (घरगुती बनावटीचा)

विंच बंपर : चिखलात, ओढ्यात किंवा चढावर अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच ज्यावर बसवता येते असा पोलादी प्लेटचा पुढचा बंपर. कारखान्यातून गाडीबरोबर येणारा बंपर प्लॅस्टिकचा किंवा पातळ पत्र्याचा असतो. किरकोळ धक्का पचवायचा आणि गाडीचे नाक झाकायचे, एवढेच त्याचे काम. विंच बंपरला मात्र गाडीच्या वजनाएवढी, प्रसंगी त्याहून जास्त ओढ चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्यापर्यंत, पोहोचवावी लागते. नाव बंपरचे असले तरी तो ओढीसाठी असतो, आदळण्यासाठी नव्हे. हे न ओळखता बनवलेले बंपर दिसायला दणकट आणि वेळेला कुचकामी निघतात.

विंच म्हणजे विजेवरचा रहाट. विहिरीवर माणूस दांडा फिरवतो, इथे १२ व्होल्टची मोटर दातेरी चाकांच्या संचामार्फत ड्रम फिरवते आणि ड्रमवर दोर गुंडाळला जातो. पूर्वी लष्करी गाड्यांवरच्या विंच बहुधा इंजिनाच्या ताकदीवर चालत. हौशी लोकांच्या गाड्यांसाठी विजेवरची विंच अमेरिकेतील वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये आणली. क्षमता आजही पौंडांतच मोजतात. ‘साडेनऊ हजारची’ म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची ओढ. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमता घ्यावी असा ठोकताळा आहे, त्यामुळे माणसे-सामानासह दोन-सव्वादोन टन भरणाऱ्या थार किंवा जिप्सीच्या वर्गातील गाड्यांना ही विंच पुरून उरते. मात्र छापील आकडा ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराचा असतो. दोराचे थर चढत जातात तशी ओढ दर थराला साधारण दहाएक टक्क्यांनी घटते. म्हणून जाणकार दोर भरपूर सोडून मग ओढतात, पण ड्रमवर निदान पाच वेढे राखून.

असा बंपर स्वतः बनवण्याच्या उद्योगासाठी पुण्याला दोन्ही बाजू जवळ आहेत : गाडी रुतेल अशी जमीनही आणि ती काढायचे साधन बनवणारे हातही. मुळशी, मावळ आणि वेल्हे भागात पावसाळ्यात मुरमाच्या वाटा निसरड्या होतात, आणि वाटेच्या कडेची चिकणमाती चाकाला अशी धरते की गाडी सोडताना पच्‌ असा आवाज येतो. (भातखाचरात मुद्दाम गाडी घालणाऱ्यांना विंचची नव्हे, शेतकऱ्याच्या दोन शब्दांची गरज असते.) दुसरीकडे भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा वाहन आणि सुट्या भागांचा पट्टा. गुरखा ही गाडी बनवणारी, २००५ पर्यंत बजाज टेम्पो या नावाने ओळखली जाणारी फोर्स मोटर्स आकुर्डीचीच. या पट्ट्यात लेझर कटिंग, बेंडिंग आणि पावडर कोटिंग करणाऱ्या लहान शेडची कमतरता नाही. फक्त साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे लक्षात ठेवायचे. शिकल (पिनने बंद होणारी यू-आकाराची पोलादी कडी), जुने हुक, कप्प्या यांसाठी काहीजण रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतला जुना बाजारही पालथा घालतात. मात्र क्षमतेचा शिक्का नसलेला शिकल कितीही स्वस्त मिळाला तरी ओढीच्या कामाला घेऊ नये.

‘घरगुती’ हा शब्द इथे सैलपणे वापरला जातो. पार्किंगमध्ये घडते ते पुठ्ठ्याचे काम. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, सेलोटेप आणि खडू घेऊन गाडीच्या नाकावर आधी पुठ्ठ्याचा बंपर उभा करतात. चाक पूर्ण वळवल्यावर टायर कुठे येतो, बॉनेट उघडते का, रेडिएटरला हवा मिळते का, नंबर प्लेट कुठे बसेल, विंचचा क्लच-दांडा (ड्रम मोकळा सोडणारा) हाताला लागतो का, हे सगळे पुठ्ठ्यावर फुकटात कळते. प्लेट कापून झाल्यावर कळले तर त्याचे पैसे पडतात. टोके वर उचललेली ठेवतात, म्हणजे चढाला भिडताना टायर आधी टेकतो, बंपर नाही.

माल म्हणून साधे मऊ पोलाद, आयएस २०६२ या भारतीय मानकातील ई२५० दर्जाचे, पुरेसे असते. या ‘२५०’चा अर्थ असा की साधारण दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनपर्यंत ते कायमचे वाकत नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहितात, बोलताना सुतात मोजतात : एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दर्शनी पत्रा एक सुती (३ मिमी) चालतो. विंचची बैठक दोन सुती (६ मिमी), आणि शिकल अडकवायचे ‘कान’ व चॅसीचे ब्रॅकेट तीन ते चार सुती. नवशिके नेमके उलट करतात : तोंडाला सहा मिलिमीटरची प्लेट आणि मागे हाताशी असलेला अँगल. ३ मिमी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो, ६ मिमीचे सत्तेचाळीस. सव्वा चौरस मीटरचे तोंड दुप्पट जाड केले की तीसेक किलो वजन नाकावर फुकट चढते आणि ओढीला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. नीट आखलेला बंपर पन्नास-साठ किलोंत बसतो, तारेची विंच त्यात आणखी पस्तीस-चाळीस किलो घालते. एवढ्यानेही पुढच्या स्प्रिंगा बसतात.

सगळी कळ आहे ती ओढीच्या वाटेत. दोर झाडाला बांधला आहे, ड्रम फिरतोय : ओढ दोरातून ड्रमवर, ड्रममधून विंचच्या पायांतल्या चार बोल्टांवर, तिथून बैठकीच्या प्लेटवर, बैठकीतून दोन उभ्या ब्रॅकेटवर आणि ब्रॅकेटमधून चॅसीच्या दोन शिंगांवर, म्हणजे पुढे आलेल्या टोकांवर, येते. दर्शनी पत्रा या वाटेत कुठेच नाही. तो निव्वळ कपडा आहे. मध्यम आकाराच्या बहुतेक विंचच्या पायांची भोके १० इंच बाय साडेचार इंच अंतरावर असतात, त्यामुळे बैठक एका विंचसाठी आखली तरी पुढे दुसरी बसते. दोर बैठकीच्या पातळीपासून काही इंच वरून सुटतो, म्हणून बैठकीला नुसती पुढे नव्हे, पालथी पडण्याचीही ओढ बसते. बैठकीच्या मागच्या कडेला दुमड आणि खाली दोन गसेट (कोपऱ्याला टेकू देणाऱ्या तिकोनी प्लेटा) असतात ती यासाठी. गाडी तिरकी रुतली असेल आणि झाड डाव्या अंगाला असेल, तर जवळजवळ सगळा भार एकाच ब्रॅकेटवर येतो, म्हणून प्रत्येक ब्रॅकेट एकट्याने सगळे पेलेल असेच धरायचे.

बोल्टाची भीती सगळ्यांना असते, आणि ती बरीचशी अनाठायी आहे. डोक्यावर ८.८ लिहिलेला एम१२ बोल्ट ताणात पाच टनांच्या आसपास पेलतो, आणि एका बाजूला असे चार तरी असतात. फाटते ते भोकाभोवतीचे पोलाद किंवा वेल्ड. भोक कडेपासून बोल्टाच्या व्यासाच्या दुप्पट आत घेणे, भोक गॅसने न फोडता ड्रिलने पाडणे, चॅसीच्या आतल्या बाजूला जाड पट्टी देणे, ही तीन पथ्ये पाळली की बोल्टाचे नाव निघत नाही. ब्रॅकेट चॅसीला वेल्ड करण्याचा मोह टाळावा : त्या उष्णतेने चॅसीचे पोलाद बदलते आणि बंपर पुन्हा काढताही येत नाही.

कानाची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पाऊण इंची शिकलवर ४.७५ टनांचा शिक्का असतो आणि त्याची पिन २२ मिमीची. म्हणजे कानाला २५ मिमीचे भोक लागते आणि भोकाभोवती निदान तेवढेच मांस. बाजारू बंपरवरचे बरेच कान पुढच्या पत्र्यावर नुसते चिकटवलेले असतात. रंग चढल्यावर खरे आणि चिकटवलेले दोन्ही सारखेच दिसतात. खरा कान पत्र्याला पाडलेल्या फटीतून आरपार मागे जातो, पत्र्याला दोन्ही बाजूंनी आणि मागे थेट ब्रॅकेटला वेल्ड होतो. ओळखायचे असेल तर बंपरखाली हात घालून मागे कानाची शेपटी लागते का ते चाचपावे. शेपटी नसेल तर त्या कानाला दोर न लावलेला बरा.

वेल्डिंग घरच्या छोट्या इन्व्हर्टर मशीनवरही होते, पण जाड जोडांना ताकद कमी पडते. पुण्यातील पद्धत अशी की घरी टॅक (जोड धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके) मारून चौकट उभी करायची आणि जाड जोड फॅब्रिकेटरकडून सीओटू वेल्डिंगने भरून घ्यायचे. यात कमीपणा काही नाही. टॅक मारल्यावर गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावतात, मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजतात. कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात. एका बाजूने सलग वेल्ड भरत गेले की प्लेट तिकडे ओढली जाते, म्हणून दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे असे भरतात. दोन सुतांवरच्या प्लेटची कड ग्राइंडरने तिरकी घासून मगच जोड भरायचा, नाहीतर वेल्ड वर मुंगीच्या रांगेसारखा देखणा आणि आत पोकळ राहतो. पावसाळ्यात वेल्डिंगच्या काड्या ओल धरतात. ६०१३ क्रमांकाची काडी थोडीफार चालवून घेते, ७०१८ क्रमांकाची अजिबात नाही : जोडात भोके पडतात आणि भेगा जातात. गाडीवर टॅक मारायची वेळ आलीच तर बॅटरीची तार सोडून ठेवावी आणि अर्थिंगचा चिमटा जोडाला लागून लावावा. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जाण्यापेक्षा दहा मिनिटे जाणे परवडते.

दोर तारेचा असेल तर तोंडाशी चार रुळांची चौकट, कृत्रिम धाग्याचा असेल तर गुळगुळीत ॲल्युमिनियमची खिडकी लावतात. तारेने चरे पाडलेल्या खिडकीतून पुढे धाग्याचा दोर घेतला तर तो तिथेच कातरला जातो. धाग्याचा दोर हलका आणि तुटल्यावर कमी घातक, पण ऊन आणि वाळू त्याला खातात. पूर्ण ओढीला मोटर ४०० अँपिअरच्या घरात प्रवाह घेते. म्हणून केबल जाड, जोड घट्ट, मध्ये तोडस्विच, आणि ओढताना इंजिन चालू.

कायद्याची बाजू गैरसोयीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीपुढे बसवलेल्या क्रॅश गार्डविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवले होते. कारणे पोकळ नाहीत : कडक पोलादाला धडकलेला पादचारी जास्त जखमी होतो, आणि चेपून धक्का गिळणारा नाकाचा भाग बाद झाल्याने एअरबॅगचे वेळापत्रकही बदलू शकते. गाड्यांच्या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिच्या पायथ्याशी कोथरूडच्या एखाद्या पार्किंगमध्ये बनलेला बंपर मात्र कुठल्याच चाचणीतून जात नाही. म्हणून हे काम शर्यतीच्या किंवा रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांपुरते ठेवणे सरळ. बाकीचे निदान मूळ बंपर, त्याचे बोल्ट आणि क्लिपा डबीत घालून जपतात.

रंगाआधी रेड ऑक्साइडचा गंजरोधक थर आणि पाणी साचेल तिथे खाली भोक, एवढे केले तरी दोन पावसाळे निघतात. त्याआधी चाचणी. जाड झाडाला रुंद पट्टा बांधतात (तार थेट खोडाला लावली की साल सोलली जाते), गाडीचा ब्रेक धरून चढावर विंच चालवतात, दोरावर ओले पोते टाकतात आणि दोराच्या रेषेत कुणालाही उभे राहू देत नाहीत. ओढ कमी पडली तर कप्पी लावून दोर गाडीकडे परत आणतात : ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. चाचणीपूर्वी प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर उतरणारी व्हाइटनरची एक रेघ मारलेली असते. ओढून झाल्यावर टॉर्च घेऊन गाडीखाली झोपायचे आणि आठही रेघा बघायच्या. जी रेघ तुटली, तो नट फिरला किंवा ब्रॅकेट सरकले. तो जोड उघडून पुन्हा बसवायचा, नवी रेघ मारायची आणि पुढच्या फेरीनंतर परत बघायचे.